काचेपलीकडची आई : डॉ. पिएर ब्यूदँ

अपुऱ्या दिवसांचे बाळ जन्माला आले की घरात आनंदाआधी धास्ती येते. बाळाला तातडीने नवजात अतिदक्षता विभागात हलवले जाते. आई दुसऱ्या मजल्यावरच्या खाटेवर आणि बाळ चौथ्या मजल्यावरच्या काचपेटीत, असे दिवस सुरू होतात. नातेवाईक वजन विचारतात, डॉक्टर प्राणवायूची पातळी सांगतात. आईच्या मनातला प्रश्न मात्र बहुधा कोणी विचारत नाही. ज्याला अजून कुशीत घेतले नाही, पाजले नाही, ज्याच्या अंगाचा वासही ओळखीचा झालेला नाही, ते मूल आपले आहे असे आतून वाटावे तरी कसे? अनेक आयांना हे न वाटणे हाच स्वतःचा अपराध वाटतो आणि त्या गप्प राहतात.

हा प्रश्न आजचा नाही. सुमारे सव्वाशे वर्षांपूर्वी पॅरिसमधल्या एका प्रसूतितज्ज्ञाने तो हेरला होता. अपुऱ्या दिवसांच्या बाळांना जगवण्याचे तंत्र नुकतेच हाती आले होते आणि त्याच्या यशाने सारे हरखून गेले होते. या यशाची किंमत कोणी तरी मोजत आहे, हे त्याच्या ध्यानात आले. किंमत मोजणारी होती आई. त्याचे नाव डॉ. पिएर ब्यूदँ. नवजात बालकांच्या वैद्यकशास्त्राचा आद्य प्रवर्तक म्हणून जगभर त्याचा उल्लेख होतो. मात्र आई आणि बाळ यांना एकत्र ठेवा, हा त्याचा आग्रह त्याच्या मागे पाऊण शतक विस्मरणात गेला होता.

गुरूची पेटी

पिएर कॉन्स्ताँ ब्यूदँ यांचा जन्म ९ नोव्हेंबर १८४६ रोजी फ्रान्सच्या उत्तर भागातल्या वाझ परगण्यात, एनाँकूर-ल-सेक या लहानशा गावी झाला. वैद्यकीय शिक्षणासाठी ते पॅरिसला आले आणि आयुष्यभर तिथेच रमले. १८७६ साली त्यांनी डॉक्टरकीचा प्रबंध सादर केला. त्याचा विषय होता प्रसूतीच्या दृष्टीने गर्भाच्या मस्तकाची रचना. बाळाच्या कवटीच्या मागील भागातल्या एका सांध्याला आजही त्यांचे नाव आहे. पुढे १८८० मध्ये त्यांना विद्यापीठात अध्यापनाचा अधिकार मिळाला. प्रसूतिशास्त्रात नाव मिळवण्यासाठी एवढे पुरेसे होते. परंतु त्यांच्या आयुष्याला वळण दिले ते त्यांचे गुरू स्तेफान तार्निए यांनी.

तार्निए हे पॅरिसच्या मातेर्निते या प्रसूतिगृहाचे प्रमुख. बाळंतरोगाने पटापट दगावणाऱ्या स्त्रियांना वाचवण्यासाठी त्यांनी उमेदीची वर्षे खर्ची घातली होती. नंतर त्यांचे लक्ष गेले ते वेळेआधी जन्मलेल्या बाळांकडे. ही बाळे बहुधा थंडीने मरत. अंगावर चरबी नाही, कातडी पातळ, शरीराची ऊब टिकवण्याची ताकद नाही. कापसात गुंडाळून शेकोटीजवळ ठेवणे एवढाच उपाय सुइणींना ठाऊक होता.

१८७८ साली तार्निए पॅरिसच्या प्राणिसंग्रहालयात गेले असता त्यांनी कोंबडीची अंडी उबवण्याचे यंत्र पाहिले. तसेच यंत्र बाळांसाठी का होऊ नये, असे त्यांच्या मनात आले. अंडी उबवण्याची यंत्रे बनवणाऱ्या ओदिल मार्तँ यांच्याकडून त्यांनी पेटी तयार करवून घेतली आणि १८८१च्या सुमारास ती मातेर्नितेत वापरात आली. पुढे आल्फ्रेद ओव्हार यांनी तिची सोपी आवृत्ती केली. खालच्या कप्प्यात गरम पाण्याच्या बाटल्या, वरच्या कप्प्यात बाळ, हवेत ओलावा राहावा म्हणून भिजवलेला स्पंज आणि वर काचेचे झाकण. आजच्या इन्क्युबेटरचा हा पूर्वज म्हणजे लाकडी खोकेच होते. तरीही दोन किलोपेक्षा कमी वजनाच्या बाळांतील मृत्यूचे प्रमाण ६६ टक्क्यांवरून ३८ टक्क्यांवर आल्याचे ओव्हार यांनी १८८३ मध्ये प्रसिद्ध केले. ज्या बाळाला दूध ओढता येत नाही त्याला नळीने भरवण्याची पद्धतही तार्निए यांनी रूढ केली.

या यशाला त्या काळात राजकीय वजनही होते. १८७०-७१च्या युद्धात प्रशियाकडून पराभव झाल्यानंतर फ्रान्सला घटत्या जन्मदराची चिंता भेडसावत होती. जर्मनीची लोकसंख्या वाढत होती, फ्रान्सची जवळपास थांबली होती. जन्माला येईल ते मूल जगलेच पाहिजे, हा राष्ट्रीय प्रश्न बनला होता. अपुऱ्या दिवसांच्या बाळांकडे फ्रेंच डॉक्टरांचे लक्ष इतरांच्या आधी गेले, त्यामागे करुणा होती तशी ही चिंताही होती.

बाळंतपणानंतर काय?

ब्यूदँ यांचे वेगळेपण पहिल्यांदा दिसले ते शारिते रुग्णालयात. तिथे त्यांच्या हाताखाली बाळंत झालेल्या गरीब स्त्रिया काही दिवसांत घरी जात आणि मग त्यांच्या बाळांचे काय होते, हे कोणालाच कळत नसे. सुखरूप जन्मलेली कित्येक बाळे पहिल्याच वर्षी हगवणीने दगावत. कारण होते दूषित दूध आणि ते पाजण्याच्या अस्वच्छ बाटल्या. शहरातल्या कष्टकरी बायकांना मूल अंगावर पाजणे परवडत नसे. अनेकजणी बाळाला खेड्यातल्या दाईकडे पोसायला पाठवत.

१८९२ साली ब्यूदँ यांनी शारितेमध्ये अंगावर पिणाऱ्या बाळांसाठी तपासणी केंद्र सुरू केले. बाळंत झालेल्या स्त्रियांनी ठरलेल्या दिवशी मुलाला घेऊन परत यायचे. बाळाचे वजन करायचे, ते नोंदवायचे, मागच्या आठवड्याशी ताडून पाहायचे आणि आईशी बोलायचे, असा त्याचा साधा क्रम होता. आईने स्वतःचेच दूध पाजावे यावर भर असे. ते अपुरे पडले तरच निर्जंतुक केलेले दूध दिले जाई. आपल्याकडच्या लसीकरणाच्या दिवशी बाळाला तराजूत ठेवणारी आरोग्यसेविका नकळत ब्यूदँ यांचीच परंपरा चालवत असते. दोन वर्षांनी, १८९४ मध्ये, डॉ. लेआँ द्युफूर यांनी फेकाँ या बंदरगावी दुधाचा थेंब या अर्थाच्या नावाने असेच केंद्र काढले आणि पाहता पाहता ही चळवळ फ्रान्सबाहेर पसरली.

या केंद्राने ब्यूदँ यांना एक गोष्ट शिकवली. बाळ ही सुटी वस्तू नाही. त्याच्यावर उपचार करायचे तर आईला वगळून चालत नाही.

दुबळ्या बाळांचे दालन

मातेर्नितेच्या मुख्य सुईण मादाम आँरी यांच्या पुढाकाराने १८९३ मध्ये दुबळ्या बाळांसाठी एक स्वतंत्र दालन उघडण्यात आले. शहरभरातून अपुऱ्या दिवसांची बाळे तिथे आणली जात. पेट्या रांगेने मांडलेल्या, पाजण्यासाठी दूधआया नेमलेल्या. कागदावर योजना उत्तम होती. प्रत्यक्षात अनेक बाळे दूरवरून येईपर्यंत गारठून गेलेली असत. आजारी आणि निरोगी बाळे जवळजवळ ठेवल्याने संसर्ग पसरे. १८९५ मध्ये ब्यूदँ मातेर्नितेचे प्रमुख झाले, तेव्हा या दालनाची जबाबदारी त्यांच्याकडे आली.

त्यांनी आधी डॉक्टरला शोभेल असे काम केले. दुबळ्या बाळापुढची संकटे तीन आहेत, अशी मांडणी त्यांनी केली: शरीराचे तापमान, आहार आणि रोग. बाळांची वजनानुसार वर्गवारी केली. आजारी बाळे निरोगी बाळांपासून वेगळी काढली. बाळ गारठण्यापूर्वीच उबेत गेले पाहिजे, यावर त्यांचा कटाक्ष होता. नवजात अतिदक्षता विभागातील काम आजही या तीन सूत्रांभोवतीच फिरते.

पण त्यांच्या नजरेने चौथी गोष्टही टिपली. ती कोणत्याही तक्त्यात मावणारी नव्हती. बाळे आठवडेच्या आठवडे दालनात राहत. आई दूर, आपल्या घरी. पोटासाठी तिला कामावर परतावे लागे. बाळाला ऊब पेटी देई, दूध दूधआई देई, वजन परिचारिका करी. आईने करावे असे काहीच उरत नसे. हळूहळू तिचे येणे कमी होई. पोटी दूध असलेल्या बाईचे दूध आटे, आणि दुधाबरोबर ओढही आटे. बाळ जगले, गुटगुटीत झाले, घरी न्यायची वेळ आली, की काही आया फिरकतच नसत. ज्या मुलाची काळजी आपल्याला कधी वाहावीच लागली नाही, त्याच्याबद्दल त्यांना काही वाटेनासे झालेले असे. मूल वाचवले खरे, पण त्याची आई गमावून, अशा आशयाची खंत ब्यूदँ यांनी आपल्या व्याख्यानांत नोंदवून ठेवली आहे.

या ठिकाणी अनेकांनी आयांना दोष दिला असता. गरीब, निष्ठुर, बेजबाबदार अशी विशेषणे त्या काळातल्या सभ्य समाजाच्या ओठांवर तयार होती. ब्यूदँ यांनी दोष दिला तो व्यवस्थेला. माया ही स्त्रीच्या ठायी जन्मतःच पुरेपूर भरलेली असते आणि कोणत्याही परिस्थितीत ती टिकतेच, हा समज त्यांच्या निरीक्षणाने खोटा ठरवला. पाजण्या-जोजवण्यातून, उराशी धरण्यातून, रोजच्या काळजीतून माया वाढते. ही संधीच काढून घेतली तर ती वाळते, असे त्यांना दिसले.

पेटीला काच

त्यांचा उपायही व्यवहारी होता. पेटीच्या भिंती काचेच्या असाव्यात, म्हणजे आईला बाळ दिसत राहील. आईला बाळाजवळ येण्याची मुभा असावी. शक्य तिथे तिनेच बाळाला पाजावे. दुबळे बाळ जोराने ओढत नाही, त्यामुळे आईचे दूध कमी होत जाते, ही अडचण होती. त्यावर त्यांनी तोडगा सुचवला की आईने आपल्या बाळाबरोबर पूर्ण दिवसांचे, धष्टपुष्ट असे दुसरे एखादे बाळही पाजावे. म्हणजे पान्हा टिकेल आणि तिचे स्वतःचे बाळ ओढण्याइतके सशक्त झाले की त्याच्यासाठी दूध तयार असेल.

१८९७ मध्ये तार्निए निवर्तले. पुढच्याच वर्षी गुरूंच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या क्लिनिकची सूत्रे ब्यूदँ यांच्याकडे आली. इथली बाळे बाहेरून आणलेली नव्हती, तर त्याच इमारतीत जन्मलेली होती. आई आणि बाळ एका छताखाली होते. आपल्या विचाराप्रमाणे काम करण्यास त्यांना इथे अधिक वाव मिळाला. या अनुभवांवर आधारलेली त्यांची व्याख्याने १९०० साली ल नूरिसाँ या नावाने ग्रंथरूपात आली. अंगावर पिणारे मूल, असा त्या शीर्षकाचा अर्थ. दुबळी बाळे आणि पूर्ण दिवसांची बाळे, दोघांच्याही संगोपनाचा विचार त्यात आहे. १९०२ मध्ये बालमृत्यूंविरुद्ध लढणाऱ्या राष्ट्रीय संघटनेच्या स्थापनेत त्यांनी पुढाकार घेतला.

ब्यूदँ यांना आजच्या अर्थाने स्त्रियांचे कैवारी म्हणणे मात्र धाडसाचे होईल. त्यांच्या लेखी आई ही बरीचशी दुधाचा झरा होती आणि तिला योग्य ते वळण लावणे हे डॉक्टरचे काम होते. नवऱ्याच्या तुटपुंज्या मजुरीवर घर चालत नाही म्हणून कामाला जाणाऱ्या बाईने दिवसभर पाजायचे कसे, याचे उत्तर रुग्णालयाजवळ नव्हते. राष्ट्राची लोकसंख्या ही चिंता त्यांच्याही मनात होतीच. तरीही यंत्राच्या विजयाच्या ऐन काळात यंत्राने आईची जागा घेऊ नये, एवढे त्यांना नेमके कळले होते, हे मान्य करावे लागते.

२२ जानेवारी १९०७ रोजी मार्सेय शहरी त्यांचे निधन झाले. वय अवघे साठ वर्षांचे होते. त्यांच्या ग्रंथाचे इंग्रजी भाषांतर त्याच वर्षी लंडनमध्ये प्रसिद्ध झाले. पॅरिसमध्ये त्यांच्या नावाचा रस्ता आहे.

प्रदर्शनातली बाळे

जगाने ब्यूदँ यांची पेटी उचलली आणि काचेचा उद्देश विसरला. १८९६च्या बर्लिन प्रदर्शनात इन्क्युबेटरमधली जिवंत बाळे तिकीट लावून दाखवण्यात आली. त्यात मार्टिन कूनी नावाचा गृहस्थ होता. आपण ब्यूदँ यांचे शिष्य असून त्यांनीच आपल्याला पाठवले, असे तो सांगे. अभ्यासकांना याला पुरावा मिळालेला नाही. त्याच्याकडे वैद्यकीय पदवी होती का, याबद्दलही शंका आहे. हाच कूनी पुढे अमेरिकेत गेला आणि १९०३ ते १९४३ या काळात न्यूयॉर्कमधल्या कोनी आयलंडच्या जत्रेत दर उन्हाळ्यात बाळे दाखवत राहिला. तिकिटाच्या पैशांतून परिचारिकांचे पगार भागत. आईवडिलांकडून तो पैसा घेत नसे. रुग्णालये ज्यांना हात लावत नसत अशी हजारो बाळे त्याने जगवली, हे नाकारता येत नाही. ज्या काचेतून आईने बाळाकडे पाहावे असे ब्यूदँ यांना वाटत होते, त्या काचेतून आता गर्दी पाहत होती. काही आईवडिलांना मूल परत न्यायला राजी करताना कूनीलाही कष्ट पडत. पॅरिसचा अनुभव इथे पुन्हा आला होता.

पुढे रुग्णालयांनी हे काम हाती घेतले. शिकागोत डॉ. ज्युलियस हेस यांनी १९२२ मध्ये अपुऱ्या दिवसांच्या बाळांसाठी विशेष केंद्र उभारले. शिस्त, स्वच्छता आणि कमीत कमी स्पर्श हे नव्या पद्धतीचे मंत्र झाले. प्रतिजैविके नसलेल्या त्या काळात संसर्गाची भीती खरीच होती. परंतु त्या भीतीने आईलाही बाहेरची, जंतू घेऊन येणारी व्यक्ती ठरवले. १९६०च्या दशकापर्यंत बहुतेक ठिकाणी तिला महिनोन् महिने काचेबाहेरच उभे राहावे लागे.

पुन्हा कुशीकडे

१९७० च्या सुमारास अमेरिकेतील स्टॅनफर्ड येथे आयांना नवजात विभागात प्रवेश देऊन पाहण्यात आला. त्यामुळे संसर्ग वाढला नाही. त्याच सुमारास डॉ. मार्शल क्लाउस आणि डॉ. जॉन केनेल यांनी आई बाळाला पहिल्यांदा कसा स्पर्श करते, याचे बारकाईने निरीक्षण केले. पूर्ण दिवसांच्या बाळाची आई आधी बोटांच्या टोकांनी हातपाय चाचपते आणि काही मिनिटांतच पूर्ण तळवा त्याच्या अंगावर ठेवते. अपुऱ्या दिवसांच्या बाळाची आईही त्याच वाटेने जाते, पण तिला अनेक भेटी लागतात. ती निष्ठुर नसते, ती घाबरलेली असते. क्लाउस आणि केनेल यांनी आपल्या लेखनात ब्यूदँ यांची आठवण जागवली आणि विस्मृतीत गेलेला तो विचार पुन्हा चर्चेत आला.

अर्थात त्यांचेही सारे म्हणणे टिकले नाही. जन्मानंतरचे पहिले काही तास निर्णायक असतात आणि ते हुकले की नाते कायमचे अधुरे राहते, असा अर्थ त्यांच्या संशोधनातून काढला गेला. पुढच्या अभ्यासांनी त्याला दुजोरा दिला नाही. आई-बाळाचे नाते एका क्षणी जडत नाही. ते महिनोन् महिने, बाळाच्या रडण्याला मिळणाऱ्या प्रतिसादातून घडत राहते. ज्या आईला पहिले काही आठवडे बाळ हाती घेता आले नाही, तिने काही कायमचे गमावले असे मानण्याचे कारण नाही. उशीर होतो, पण दार बंद होत नाही.

आणखी एक वळण कोलंबियाच्या बोगोटा शहरात आले. पेट्या कमी, एका पेटीत दोन-तीन बाळे, संसर्ग भरमसाट आणि मूल टाकून जाणाऱ्या आयांची संख्या मोठी. १९७८च्या सुमारास डॉ. एडगर रे यांनी आणि पुढे डॉ. एक्तोर मार्तिनेस यांनी बाळाला आईच्या उघड्या छातीशी बांधून ठेवण्याची पद्धत सुरू केली. हीच कांगारू पद्धत. ब्यूदँ यांनी पेटी आईजवळ आणू पाहिली होती. बोगोटाने आईलाच पेटी केले. त्वचेला त्वचा लागली की बाळाचे तापमान टिकते, पान्हा टिकतो आणि आईच्या हातांना आपल्या मुलाची सवय होते.

ही पद्धत महाराष्ट्रातही रुजली. मुंबईच्या शीव येथील लोकमान्य टिळक रुग्णालयात १९८९ साली आशियातील पहिली मातृदुग्धपेढी सुरू झाली. परळच्या केईएम रुग्णालयात दोन किलोपेक्षा कमी वजनाच्या २०६ बाळांवर झालेल्या अभ्यासात कांगारू पद्धतीने सांभाळलेल्या बाळांचे वजन अधिक चांगले वाढले आणि ती कमी गारठली. हे निष्कर्ष २००८ मध्ये प्रसिद्ध झाले. २०२१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या पुढाकाराने झालेल्या मोठ्या अभ्यासाचे निष्कर्ष आले. दिल्लीच्या सफदरजंग रुग्णालयासह पाच देशांतील केंद्रांत, एक किलो ते १७९९ ग्रॅम वजनाच्या ३,२११ बाळांचा त्यात समावेश होता. बाळ स्थिर होण्याची वाट न पाहता जन्मानंतर लगेच आईच्या छातीशी दिले, तर पहिल्या २८ दिवसांतील मृत्यूचे प्रमाण १५.७ वरून १२ टक्क्यांवर येते, असे दिसले. त्यासाठी नवजात अतिदक्षता विभागातच आईची खाट लावावी लागली. २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने तशी शिफारसही केली.

अतिदक्षता विभागात आईची खाट! ब्यूदँ यांना काचेपलीकडून जे सुचवायचे होते, ते इथे काच ओलांडून पूर्ण झाले. शिफारस आणि प्रत्यक्ष व्यवहार यांत अंतर अजून पुष्कळ आहे. जागा अपुरी, परिचारिका अपुऱ्या, आणि भेटीची वेळ संपली हे सांगणारी पाटी दारावर. त्या पाटीपुढे उभ्या असलेल्या बाईला कोणी तरी एवढे सांगायला हवे की मन कोरडे वाटणे हा तिचा दोष नाही. तिला आत येऊ द्या, तिचा हात बाळाच्या पाठीवर ठेवू द्या. बाकीचे ती दोघे मिळून शिकतात. पॅरिसच्या त्या डॉक्टरांनी हे १९०० सालीच लिहून ठेवले होते.